खोटा खोकला

"ताई, चौकशी केली असता पोपट आजारी नव्हता असे समजले. तरी माझे रु. २०० परत करावेत ही विनंती. गैरसमज नसावा."

रविवारी सकाळी हा मेसेज आला तेव्हा मी ओट्यापाशी शेवग्याचा पाला निवडत उभी होते. पोपटांसाठी, आमच्यासाठी नाही, आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी केली की लेक सरळ मॅगी मागतो. मेसेज पाठवणारे आमच्याच सोसायटीतले, बी विंगमधले एक काका. रिटायर्ड. रोज संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गाडी नीट लावायला सांगणारे. मी पैसे मागताना जे लिहिलं होतं त्या हिशोबाने बघितलं तर त्यांच्या मेसेजमधलं एक अक्षर चुकीचं नव्हतं. आणि 'गैरसमज नसावा' हे तर इतकं खास आपलं वाक्य आहे, ते लिहिणाऱ्यालाही माहीत असतं की समोरच्याचा आता व्हायचा तो झालेलाच आहे. मी हात पुसले, जीपेवरून दोनशे रुपये परत केले, खाली नोट म्हणून 'पोपट' लिहिलं आणि परत पाला निवडायला लागले. दोन मिनिटांचं काम. पण त्याला आता तीन महिने होतील आणि ते दोनशे रुपये काही डोक्यातून जात नाहीत. माझे उसने दोन हजार बुडवणारी मैत्रीण मी कधीच विसरलेय, हे दोनशे नाही.

शहराबाहेर टेकडीच्या पोटाशी एक रेस्क्यू सेंटर आहे. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक पोरांना घेऊन 'पोपट दाखवायला' येतात आणि तिथे दाखवण्यासारखं काही नसतं, उलट पक्ष्यांची माणसांची सवय मोडावी म्हणून मोठ्या पिंजऱ्यांना चारी बाजूंनी हिरवं शेडनेट लावलेलं असतं. मी तीन वर्षांपासून दर शनिवारी जाते. पक्षी धरायचं काम मला जमत नाही, पहिल्याच महिन्यात एकाने अंगठ्याचा असा चावा घेतला की अजून थंडीत ठणकतो, पोपटाची चोच म्हणजे अडकित्ताच. म्हणून माझ्याकडे आलं पैशाचं काम. म्हणजे मागायचं. लहानपणी गणपतीची वर्गणी मागताना मागे पोरांचा घोळका तरी असायचा, एकाने बेल वाजवायची आणि दुसऱ्याला पुढे ढकलायचं. इथे एकटीने मागायचं, व्हॉट्सॲपवर, जेवणाच्या वेळा टाळून, महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत, कारण वीस तारखेनंतर लोक ब्लू टिक येऊ देतात पण उत्तर देत नाहीत. कुत्र्याचा पाय मोडलाय म्हटलं की पैसे येतात. गाय म्हटलं की येतातच. पोपट म्हटलं की आधी प्रश्न येतात. एवढ्याशा पक्ष्याला कसला एक्स-रे? त्याला म्हणे सलाईन लावतात का? माझा सख्खा आतेभाऊ म्हणाला, "अगं तेवढ्या पैशात चार नवे येतील." मी त्याच्याशी तीन दिवस बोलले नाही. देशी पक्ष्यांची खरेदी-विक्री १९९०-९१ पासून बंद आहे, कायदा तर १९७२ चा, तरी माझ्या आतेभावाला भाव माहीत आहे, बाजार कुठे भरतो तेही माहीत आहे. आणि पोपट घरात पाळणं हा गुन्हा आहे म्हटलं की लोक अजून हसतात, कारण प्रत्येकाच्या आजोळी एक मिठू असतोच.

माझ्याही होता. त्याच्याकडे येते.

तर डिसेंबरात एक जोडपं पिंजरा घेऊन आलं. पिंजऱ्याभोवती चादर गुंडाळलेली, खाली दुधाच्या पिशवीत त्याचा खाऊ बांधलेला, सूर्यफुलाच्या बिया आणि खारी. सासरे गेले, आता आम्ही फ्लॅटमध्ये शिफ्ट होतोय, तिकडे चालत नाही, असं त्या बाईंनी सांगितलं. वनखात्याला कळवणं, कागदपत्रं, सह्या, सगळं रीतसर झालं. पोपट चांगला सहासात वर्षांचा, वजनकाट्यावर १६२ ग्रॅम भरला, म्हणजे पोपटाच्या मानाने चांगलाच सुटलेला. गळ्याला काळागुलाबी पट्टा नव्हता. पट्टा नराला येतो, तिसऱ्या वर्षाच्या आसपास, त्यामुळे घरच्यांनी इतकी वर्षं मिठू मिठू केलेला तो मुळात मादी होती. सेंटरमध्ये नावं ठेवत नाहीत, नंबर असतात, तिला बावीस नंबर मिळाला आणि नवीन पक्ष्यांच्या वेगळ्या खोलीत तिची रवानगी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथून खोकल्याचा आवाज आला.

मी तो आवाज ऐकलाय. सुका, खोल, लागोपाठ चारपाच ठसके, मग घरघर, मग खाकरणं. दारामागे कोणी म्हातारा माणूस बसलाय असंच वाटावं. डॉक्टर लगेच मास्क लावून आत गेल्या. त्या एकदम सावध झाल्या कारण पोपटांना एक आजार होतो जो माणसालाही लागतो, ताप, न्यूमोनिया, आणि पक्ष्याला झाला तर ४५ दिवस सलग औषध द्यावं लागतं, एक दिवस चुकला की परत पहिल्यापासून. शिवाय बुरशीचा संसर्ग होतो छातीतल्या हवेच्या पिशव्यांना, तो बाहेरून दिसतही नाही. बावीस नंबरची शेपूट श्वासाबरोबर खालीवर हलत होती, पक्ष्यांमध्ये ही खूण चांगली नाही. डॉक्टरांनी यादी केली. एक्स-रे, रक्त, स्वॅब बाहेरच्या लॅबला, औषधं. मी आकडा लिहून घेतला आणि गाडीत बसल्याबसल्या ग्रुपवर टाकलं. सोबत अकरा सेकंदांचा व्हिडिओ, अंधाऱ्या खोलीत एक हिरवा गोळा आणि तो खोकला. मी लिहिलं होतं, "हा पोपट पहाटेपासून खोकतोय. श्वास घ्यायला त्रास होतोय. त्याला बोलता येत असतं तर त्याने स्वतःच तुमच्याकडे मदत मागितली असती."

दीड दिवसात १४,३५० रुपये. एवढे पैसे इतक्या पटकन मला कधीच मिळाले नव्हते. पाचशे पाठवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, अगदी माणसासारखा खोकतोय हो, बघवत नाही. माणसासारखा, माणसासारखा, असं निदान दहा जणांनी लिहिलं, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पोपटाचा एक्स-रे काढणं ही भानगड आहे. त्याला 'हलू नको' म्हणता येत नाही, म्हणून नाकावर छोटा मास्क धरून गॅसने दोनचार मिनिटं गुंगी आणतात. मास्क म्हणजे काय, मोठ्या सिरिंजचं कापलेलं तोंड आणि त्यावर ताणलेला हातमोज्याचा रबर, त्याला एक भोक, त्यातून चोच आत. धरणाऱ्याने छाती दाबायची नाही, पक्ष्याला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड पुढेमागे झालं तरच हवा आत जाते, प्रेमाने जरा घट्ट धरलं तरी गुदमरतो. डोळ्यांची पांढरी कडा आकसत आकसत शेवटी पापणी खालून वर मिटली. मग त्याला उताणं ठेवून पंख दोन्हीकडे पसरून कागदी चिकटपट्टीने लावले आणि त्या पाटीवर तो इतका लहान दिसायला लागला, नुसती पिसंच पिसं, आत मूठभर जीव. मी खिडकीतून बघत होते. डॉक्टर मनात आकडे मोजत होत्या, ओठ हलत होते. चिकटपट्टी काढताना प्रत्येक पिसाच्या दिशेने हळूहळू काढली, आपण भिंतीवरून कॅलेंडरची टेप ओढतो तशी नाही. शुद्धीवर आल्यावर बावीस नंबरने पहिलं काम काय केलं तर डॉक्टरांच्या ग्लोव्हजचा तुकडा पाडला.

छाती स्वच्छ होती. एकदम साफ. लिव्हर मात्र वाढलेलं, बियांचं आणि खारीचं काम. तोंडात आत टाळूपाशी पांढरट पुटकुळ्या, अ जीवनसत्त्व कमी. म्हणजे आजारी होती ती, फक्त मी लिहिलेला आजार नव्हता. लिव्हर काय व्हिडिओत दिसत नाही. चार दिवसांनी रात्रपाळीला असणाऱ्या मामांनी सांगितलं, "मॅडम, ते बावीस नंबर खोकून झाल्यावर चहा मागतंय."

आम्ही सगळ्यांनी जाऊन ऐकलं. ठसका, ठसका, घरघर, खाकरणं, मग एक क्षण शांतता, आणि जाड आवाजात, "अगं ए. चहा टाक."

डॉक्टर भिंतीला टेकून इतक्या हसल्या की मास्क काढावा लागला. नंतर मात्र गप्प झाल्या, म्हणाल्या, मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं गं, पक्ष्यांना पडदाच नाही तर ते आपल्यासारखे खोकतील कसे. शेपूट हलत होती ती लठ्ठपणाने आणि घाबरून. पण रिस्क कशी घेणार, खरंच काही असतं तर खोलीतले बाकीचे सतरा गेले असते. त्या दिवसापासून बावीस नंबरचं नाव आजोबा पडलं. नंबर राहिला कागदावर.

मी त्या घरी फोन केला. का केला नक्की सांगता येणार नाही, हिस्टरी घ्यायची असं स्वतःला सांगितलं. त्या बाईंनीच उचलला. मी म्हटलं, तुमच्या घरी कोणाला खोकला होता का? जरा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "सासऱ्यांना दमा होता. अकरा वर्षं. रोज पहाटे पाचला खोकत उठायचे आणि चहा मागायचे. ते गेले तेव्हा, खरं सांगते मॅडम, वाईट वाटलं पण वाटलं की आता सकाळी जरा पडून राहू. तर हे मेलं सुरू झालं. दोन वेळा मी झोपेत उठून गॅस पेटवलाय." आणि मग, "अजून मागतो का हो?" मी म्हटलं, मागते. ती मादी आहे. त्यावर त्या हसल्या की काय केलं मला फोनवरून नीट कळलं नाही. रेकॉर्डिंग पाठवू का विचारलं तर म्हणाल्या, नको, अजिबात नको. आम्ही तिकडे नवीन फ्लॅटमध्ये दार लावून झोपतो आता.

आता प्रश्न होता ग्रुपला सांगायचं की नाही. पैसे तर बरोबर त्याच कामाला गेले होते, एक्स-रे झाला, टेस्ट झाल्या, बिलं होती. कोणी विचारलं नसतं. सेंटरमधलं एक जण म्हणालं, कशाला, 'उपचारांना उत्तम प्रतिसाद' लिहून टाका, खोटं नाहीये ना. मी तेच टाइप केलं होतं. खरंच. मग संध्याकाळी आजीची आठवण आली आणि मी ते पुसलं.

आमचं आजोळ सांगलीजवळ. ओटीवर तुळईला तारेचा पिंजरा टांगलेला, त्यात मिठू, खाली ॲल्युमिनियमची वाटी, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि एक हिरवी मिरची. मिरची खाल्ल्याने पोपट स्पष्ट बोलतो असं सगळेच म्हणायचे, त्याला ती तिखट लागतच नाही हे मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. पक्ष्यांना मिरचीचा झोंबरेपणा कळत नाही, म्हणून तर ते मजेत खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. आप्पा, म्हणजे आजोबा, महिन्या दोन महिन्यांनी मिशा कातरायच्या कात्रीने त्याचे पंख कापायचे. तो कार्यक्रम असायचा. आम्ही भावंडं पिसांसाठी खाली बसायचो. निळसर हिरवं लांब पीस मिळालं तर वहीत, आखूड मिळालं तर पाटीच्या चौकटीत खोचायचं. मिठू ओरडायचा पण मला त्यात वाईट वाटल्याचं काही आठवत नाही, असं लिहायला हवं म्हणून लिहीत नाही, खरंच नाही आठवत. केस कापतात तसं वाटायचं. एका मे महिन्यात आम्ही गेलो तर पिंजरा रिकामा. आजी म्हणाली, उडून गेला गं, दार उघडं राह्यलं. आम्ही पोरांनी अंगणात जाऊन आंब्याकडे बघत मिठू मिठू हाका मारल्या. आणि गंमत म्हणजे हीच आजी रात्री गच्चीवर राजाच्या पोपटाची गोष्ट सांगायची. पोपट मेला असं सांगेल त्याची मान उडवीन असं राजा म्हणतो, मग एक दिवस पोपट मरतो आणि दरबारी जाऊन सांगतात, महाराज, पोपट खात नाही, पीत नाही, हलत नाही, पाय वर केलेत, पण मेलाय असं काही आम्ही म्हणत नाही. आम्ही पोट धरून हसायचो.

सेंटरवर जायला लागल्यावर एका शनिवारी, बहुतेक कोणाचे तरी कापलेले पंख बघत असताना, माझ्या लक्षात आलं की आप्पांनी मार्चमध्ये पंख कापले होते. त्याला उडता येतच नव्हतं. बोका असेल, किंवा नुसताच मेला असेल. पस्तीस वर्षं लागली मला एवढी साधी वजाबाकी करायला.

तर मी ग्रुपवर सगळं लिहिलं. खोकला, सासरे, चहा, लिव्हर, बिलांचे फोटो. आधी एक मिनिट शांतता आणि मग जो काही दंगा झाला, "आमचा पोपट झाला की हो ताई!" हे पहिल्या तासात सहा जणांनी लिहिलं, आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच सुचलंय असं वाटत होतं. हसून हसून डोळ्यांत पाणी वाले इमोजी. एका मुलीने ५१ रुपये पाठवले, नोटमध्ये लिहिलं 'आजोबांच्या चहासाठी'. खोकल्याचा व्हिडिओ तिसऱ्याच ग्रुपमधून फिरून माझ्याकडे आला, वर कोणीतरी 'सुनेला कामाला लावणारा पोपट' असं लिहिलेलं. नऊ जणांनी विचारलं, हा आम्हाला मिळेल का. नऊ. मी सगळ्यांना तेच उत्तर पाठवलं, नाही, कायद्याने नाही, घरात असा पोपट असेल तर १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर कळवा. त्यावर दोन जण ग्रुप सोडून गेले, मला वाटतं त्यांच्याकडे असेल. आणि रविवारी सकाळी काकांचा मेसेज.

संक्रांत झाली तशी मांज्याने कापलेले यायला लागले. नायलॉन मांज्यावर बंदी आहे, ती २०१७ पासून, पण दोरा झाडावर अडकून राहतो तो वर्षभर आणि बंदी काही झाडावर चढत नाही. मग सीझन सुरू झाला पिल्लांचा. जानेवारीपासून मेपर्यंत पोपट ढोलीत अंडी घालतात, पिल्लं काढणारी माणसं त्या ढोल्या वर्षानुवर्षं ओळखून असतात. एका कारवाईत पकडलेली आमच्याकडे आली, बांबूच्या दोन टोपल्यांत, वरून फडकं बांधलेलं, ३८ मोजली त्यातली ३१ जिवंत. पिसं नाहीत, पिसांच्या जागी निळसर काटे, डोकं अंगापेक्षा मोठं आणि चोच सतत उघडी. सुंदर वगैरे अजिबात नाहीत. त्यांना पेज भरवायची ती सिरिंजने, दर तीनचार तासांनी, गळ्याखालची पोटली भरेपर्यंत, आणि पेज कोमटच हवी, गरम झाली तर पोटली आतून भाजते, गार झाली तर तिथेच बसून आंबते. मामा मनगटावर थेंब टाकून बघायचे, बाळाच्या दुधासारखं. काहींना त्या विकणाऱ्यांनी नुसता भिजवलेला पाव आणि डाळ भरवली होती, त्यांची हाडं ओल्या काडीसारखी, पाय दोन्हीकडे बेडकासारखे पसरलेले. डॉक्टरांनी फोमच्या तुकड्याला दोन भोकं पाडून त्यांत एकेकाचे पाय अडकवले, म्हणजे ते सरळ वाढतील. झाले तर. मी फोटो काढले, नीट लिहिलं, ढोली, टोपली, कॅल्शियम, सगळं. आलेले पैसे १,१००. आणि तीन प्रश्न, त्यातला एक, "बोलतात का?"

रागावून तरी काय करणार. मीसुद्धा लहानपणी मिठूच्या पिंजऱ्यापुढे तासन्‌तास बसायचे ते तो विठू विठू म्हणायचा म्हणून, डाळ नुसती खात बसला की कंटाळून उठायचे. पण खोकल्याला चौदा हजार आणि एकतीस पिल्लांना अकराशे, हा हिशोब मी एक्सेलमध्ये एकाखाली एक भरला तेव्हा काकांचा मेसेज परत उघडून वाचला. कारण मला एकदम जाणवलं की एवढ्या लोकांत मी काय लिहिलंय ते फक्त त्यांनीच धड वाचलं होतं. बाकीच्यांनी आवाज ऐकून पैसे दिले आणि गंमत वाटली म्हणून सोडून दिले. काकांनी आजारी पोपटासाठी पैसे दिले होते, पोपट त्या आजाराने आजारी नव्हता, विषय संपला. मी त्यांना लिव्हरचं सांगू शकले असते. एक्स-रे दाखवता आला असता. का नाही सांगितलं तर, रागाने. दोनशे रुपयांत दोन दिवसांचे पेरू आणि बाजरीची कणसं येतात, ती मी त्या आठवड्यात स्वतःच्या पैशाने घेतली आणि घेताना दोन्ही वेळा मनात 'गैरसमज नसावा' म्हटलं. इतका कोतेपणा आपल्यात असतो.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर टाकली नाही, पैसे मागण्यासारखी ती वाटलीच नाही. कापलेले पंख आपोआप येत नाहीत लगेच, जुनं ठूंठ गळून नवीन पीस यायला कित्येक महिने जातात, तोपर्यंत तो पक्षी पिंजऱ्यात चालतच राहतो. एक तरुण नर होता, बाकी सगळा तंदुरुस्त, नुसते पंख कातरलेले. डॉक्टर म्हणाल्या, पिसं जोडू. सेंटरमध्ये जे पोपट दगावतात त्यांची पंखांची पिसं काढून पाकिटात ठेवतात, खाकी पाकिटं, प्रत्येकावर पेनाने लिहिलेलं, 'उजवा ३', 'डावा ७', कारण तिसऱ्याच्या जागी तिसरंच बसतं, सातवं चालत नाही. गुंगीतल्या पोपटाचा पंख उघडून त्यांनी एकेका कापलेल्या पिसाच्या पोकळ देठात बांबूची तासलेली बारीक काडी घातली, गोंदाचा थेंब, आणि काडीच्या दुसऱ्या टोकाला मेलेल्या पोपटाचं पीस. ससाणे पाळणारे लोक फार पूर्वीपासून हे करत आलेत म्हणे. माझं काम पाकिटं उघडून देण्याचं. पाकिटातलं पीस हातात घेतलं तर मला ती वही आठवली, इतिहासाची, पानांत मिठूचं पीस दाबून ठेवलेली. ती तर कधीच रद्दीत गेली. वीस पिसांना दीड तास लागला, मधे दोनदा गॅस बंद करून त्याला थांबू दिलं. आठवड्याभराने मोठ्या पिंजऱ्यात सोडलं तर हा गडी आधी खालीच चालत फिरला, सवयीने, आणि मग कोणीतरी बादली आपटली तशी दचकून सरळ वर गेला आणि छताच्या जाळीला लटकून ओरडायला लागला, स्वतःच घाबरलेला.

त्यानंतर कधीतरी काका लिफ्टमध्ये भेटले. चौथ्या मजल्यापर्यंत दोघंही आकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "बरा आहे का आता तो?"

मी म्हटलं, "काका, तो आजारीच नव्हता ना."

"हां, म्हणजे तेच," म्हणाले, आणि उतरताना दार हाताने धरून, "लिव्हरचं तुम्ही लिहिलं होतं ग्रुपवर, ते मी नंतर वाचलं. पण ते आधी लिहायला हवं होतं." दार बंद झालं. म्हणजे वाचलं होतं. मग परत का नाही पाठवले, असं विचारायला मी काही मागे गेले नाही.

आजोबा आता वजनात आलीये, १३८ ग्रॅम. शेवग्याचा पाला आधी फेकायची, आता गाजरासकट खाते. माणसांत इतकी वाढलेली की तिला बाहेर सोडता येणार नाही, म्हणून तिच्यासारख्यांच्या पिंजऱ्यात कायमची राहायला गेली, तिथे सोळासतरा आहेत, एक ॲम्ब्युलन्स काढतो, एक नुसता 'हॅलो कोण' म्हणतो. गेल्या शनिवारी पहाटे साडेपाचला मामांचा फोन आला.

"मॅडम, आता तिघं खोकतायत."

"चहा मागतात का?"

"एक मागतंय. दोघं नुसतेच."

डॉक्टरांनी दोघांना वेगळं काढलं. शिकले असतील तर शिकले, म्हणाल्या, पण नसतील तर? आता मला कोणाच्याच खोकल्यावर विश्वास ठेवता येत नाही आणि कोणाचाच सोडूनही देता येत नाही. दोन एक्स-रे. मी ग्रुप उघडला आणि 'नमस्कार, आपल्या सेंटरमधले दोन पोपट' एवढं टाइप करून कितीतरी वेळ बसून राहिले. शेवटी लिहिलं, "दोन पोपट खोकल्यासारखा आवाज काढत आहेत. आजार असेल किंवा नक्कल असेल. एक्स-रे काढल्याशिवाय कळणार नाही. नक्कल निघाली तरी पैसे एक्स-रेला खर्च झालेले असतील." व्हिडिओ टाकला नाही. असं रुक्ष आवाहन मी जन्मात केलं नव्हतं. दुपारपर्यंत ग्रुप थंड. दोन नमस्कार, एक फुलाचं चित्र.

साडेतीनला काकांचा मेसेज आला.

"ताई, रु. १०० पाठवत आहे. उरलेले १०० एक्स-रे पाहून. तोपर्यंत त्या दोघांना चहा विचारून पाहावा. गैरसमज नसावा."